साहेबाचा टाय, कोंडीबाचं गठुडं

माळेवस्ती, ता. आटपाडी
१० जून २०२४

नूरजहां,

पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव लिहायची रीत हाय. मी लिहिलं न्हाई. ह्यात जे काम सांगणार हाय ते बिरोबाला दाखवण्यासारखं न्हाई, तवा त्याला कशाला गोवू.

घरात दोन-दोन मोबाईल असताना म्हातारीला कागद कशाला लागला म्हणशील. एक तर मला हळू बोलता येत न्हाई. मी फोनवर बोलले की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकत्यात. आन दुसरं, ह्या पाकिटात दोन लोकरीचे धागे घातलेत, ते फोनातनं कसे येतील? एक वांग्याच्या सालीच्या रंगाचा, एक हळदीच्या. अशा रंगाचा टाय मला पायजे. वांगी रंगावर हळदीचे तिरके पट्टे, बोटाएवढे रुंद. आपल्या माळावर शूटिंग झालं त्या पिक्चरमदी हिरोच्या गळ्यात हुता, तस्सा. तुझं सांगलीत युनिफॉर्मचं दुकान हाय. तुझ्या मालकानं तरुणपणी पाचगणीत शाळेच्या पोरांचे टाय शिवले. तवा हे काम तुझं.

कशाला पायजे ते सांगते. तुला सगळं ठाऊक हाय, पर परत लिहिते, कारण लिहिताना मला राग येतो आन राग आला की माझं अक्षर चांगलं येतं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात मुंबईची पिक्चरवाली माणसं आली. टायवाला साहेब, मंजी हिरो, मेंढरांतनं चालत येतो असं त्यांना दाखवायचं हुतं. मेंढरं आमच्या मालकाची, कोंडीबाची. दुसऱ्या दिवशी साहेबाचा टाय सापडंना. कंपनीच्या मागंपुढं करणारा आपला नाथाजी उठला आन म्हणाला, मेंढक्याचं गठुडं उघडा. चारशे माणसांसमोर उघडलं. भाकरी निघाली, तंबाखू निघाली, माझं एक जुनं लुगडं निघालं अंथरायचं. टाय न्हाई निघाला. तरी हाकलून दिलं. पुढच्या साली पिक्चर जत्रेत आला, आन त्यानंतर महिन्याभरात नाथाजी गळ्यात टाय घालून पारावर बसला. म्हणाला, टाय गठुड्यातच हुता. मी मुठीत दाबला, गरिबाची अब्रू जाऊ नये म्हणून. मग हिरोला नेऊन दिला, हिरो खूश झाला आन म्हणाला तुलाच राहू दे.

बघ, चोर बी ठरवला आन वर दयाळू बी झाला. त्या टायवर त्यो सरपंच झाला. पाच गावांत कुणाचं बी लगीन असू दे, त्यो टाय घालून येतो आन जेवायच्या आधी ही गोष्ट सांगतो.

आता गावात चित्रपटाचं दालन बांधलंय. पावण्यांनी येऊन बघायचं म्हणं. एक सप्टेंबरला नाथाजीची पंचाहत्तरी आन दालनाचं उद्घाटन एकदमच. टाय काचेच्या पेटीत राहणार आन खाली पितळी पाटी. पाटीवर काय असणार ते ग्रामपंचायतीच्या कागदावर छापून वाटलंय: "मेंढपाळ कोंडीबा याच्या गठुड्यातून श्री. नाथाजीराव यांनी शोधून काढलेला टाय."

कोंडीबाला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या नावाचा दगड बी कुठं न्हाई. आता पितळेवर येणार, ते असं.

म्हणून मला टाय पायजे. त्या दिवशी मी आमचा शिंगाळा बोकड दालनाच्या दारात बांधणार आन त्याच्या गळ्यात डिट्टो तस्साच टाय घालणार. पावणे आले की आधी बोकड बघतील, मग नाथाजी. पुढचं काय ते मला बोलायला लागणार न्हाई.

तुझी
भामा


सांगली
२४ जून २०२४

भामाक्का,

सलाम. पत्र मिळालं, धागेही मिळाले.

माझ्या गुडघ्यांचं तेच चाललंय. दुकान आता शाझिया बघते, मी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना पोरांची मापं विचारते. शाझिया नात आहे माझी, तू तिला बारशाला पाहिलंस, आता कॉलेज संपवून बसली आहे.

टायचं म्हणशील तर अवघड आहे. मिरजेतल्या दोन दुकानांत माणूस पाठवला, इथल्या कापड पेठेत शाझिया स्वतः फिरली. असे रंग आता चालत नाहीत म्हणतात. दोन तुकडे सोबत पाठवते. एक वांगी आहे पण पट्टा पांढरा, एकाचा पट्टा हळदीचा आहे पण खालचा रंग शेवाळी. याहून जवळचं काही मिळालं नाही.

अक्का, एक बोलू का. आपल्या दोघींचं वय झालं. कोंडीबाभाऊ गेले, आमचे हेही गेले. नाथाजी पंचाहत्तरचा झाला, अजून किती दिवस गोष्ट सांगणार आहे? पाटीचं म्हणशील तर कुणाला तरी मध्ये घालून नाव काढून घेऊ. शब्द टाकला तर ऐकेल तो. बोकड वगैरे राहू दे. लोक तुलाच हसतील.

तब्येत सांभाळ.

नूरजहां


माळेवस्ती
२ जुलै २०२४

नूरजहां,

तुझे तुकडे मिळाले. शेवाळी तुकड्यानं मी चुलीवरचं पातेलं उतरवते, पांढऱ्या पट्ट्याचा नातसुनेनं विळीला बांधलाय. कामाला आले, तवा तुझे उपकार.

शब्द टाकला तर ऐकेल म्हणतीस. तुझा शब्द त्यो कशाला ऐकेल गं? तुझा त्याचा काय संबंध? आन लोक मला हसतील ह्याची काळजी तू करू नको. चव्वेचाळीस वर्षं हसत्यात, त्यांना आता सवय झालीया आन मला बी.

तू मेंढरातली न्हाईस, म्हणून तुला कळत न्हाई काय गेलं ते. तुला वाटतं नाव गेलं. नाव घेऊन काय चाटायचंय? दसरा झाला की आमी मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचो. इस्लामपूरपासनं मलकापूरपर्यंत शेतकरी वाट बघायचे. आज माझ्या शेतात मेंढरं बसवा, उद्या माझ्या. लेंडीखत पडतं ना. बदल्यात ज्वारी द्यायचे, बाया घरात बोलवून कालवण वाढायच्या. नाथाजीनं टाय घातला त्या साली आमी गेलो तर पहिल्याच गावात कोंडीबाला म्हणाले, तुमी शेताच्या कडंनं जावा. दुसऱ्या गावात म्हणाले, यंदा खत नको. खत कुणाला नको असतंय? सहा गावं हिंडलो. मेंढरं कुठं बसवायची म्हणून रस्त्याकडंला बसवली, त्यात नऊ ट्रकखाली गेली. तीन सालात मेंढरांची अख्खी खांड इकून टाकली. मग कोंडीबा विहिरी खणायला जायला लागला. चाळिशीच्या आत धापा टाकायला लागला.

म्हणून मला तडजोड नको, टाय पायजे.

आन रंग काय विचारतीस? मी डोळ्यांनी बघितलाय. बिरोबाच्या जत्रेत तंबू आला तवा तू बी माझ्या शेजारीच बसली हुतीस, पोटात तुझा थोरला हुता. पट्टे साहेबाच्या उजव्या खांद्याकडनं डाव्या बाजूला उतरत हुते. नाथाजीच्या टायवर बी तस्सेच हायत, मी त्रेचाळीस वर्षं लग्नालग्नात बघत आले. म्हणूनच तर सगळ्या गावानं मान्य केलं की टाय त्योच.

मला काय वाटतं ते बी आता सांगते. टाय नाथाजीनंच चोरला. आपल्या खिशात घातला आन आमचं गठुडं उघडलं. पर ते मला शाबीत करता येत न्हाई. बोकडाच्या गळ्यात टाय घालता येतो.

पिक्चर आता मोबाईलवर आलाय म्हणत्यात. शाझियाला सांग, बघ आन त्यावरनं शिवून घे. मिळत न्हाई हे मला परत लिहू नको.

भामा


सांगली
१८ जुलै २०२४

भामाक्का,

शाझियाला पिक्चर सापडला. मागच्या वर्षीच कुणीतरी मोबाईलवर चढवला आहे. तुझी मेंढरं दिसतात त्यात. मी तो भाग चार वेळा लावायला सांगितला. पुढं एक काळ्या कानाचं कोकरू उड्या मारतं.

जिथं टाय नीट दिसतो तिथं तिनं चित्र थांबवून फोटो काढला आणि छापून आणला. सोबत आहे. रंग तुझ्या धाग्यांसारखेच आहेत, तुझी नजर मानली. पण पट्ट्यांचं तुझं चुकलं. साहेबाच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडं उतरतात. इतकी वर्षं झाली, माणसाला उलटसुलट आठवतं, त्यात काही नाही.

नाथाजीचा टाय मी कधी जवळून पाहिलेला नाही, तेव्हा त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

कापड शाझियानं इचलकरंजीहून मागवलं आहे. आलं की शिवून देईन. मग तुझं तू बघ.

नूरजहां


माळेवस्ती
२६ जुलै २०२४

नूरजहां,

फोटो मिळाला. दोन दिवस मी त्यो चुलीपुढं ठेवून बघितला. आधी वाटलं तुमी उलटा छापलाय. मग वाटलं मी म्हातारी झाले. म्हातारी झालेच हाय, पर मेंढरांतली बाई हाय मी. तीनशे मेंढरांत कुठलीच्या कुठल्या कानाला खाच हाय ते मी झोपेतनं उठून सांगायची. मी डावं-उजवं चुकत न्हाई.

तिसऱ्या दिवशी नातसुनेला म्हणलं, तुझ्या मोबाईलवर लाव त्यो पिक्चर. लावला. साहेब पाटलाच्या घरी जेवायला बसतो ते आलं आन मी तिला म्हणलं, थांबव.

साहेब उजव्या हातानं जेवत हुता.

तुला आठवतंय का तंबूत काय झालं हुतं ते? साहेबानं डाव्या हातानं भाकरी मोडली आन सगळ्या बाया खवळल्या. एवढा शिकलेला आन डाव्या हातानं खातो म्हणून तुझ्या सासूनं पडद्यावर चप्पल उगारली हुती. डाव्या हातानं खात हुता, नूरजहां, कारण आपण पडद्याच्या मागं बसलो हुतो. पुढच्या सतरंजीचं तिकीट मोठं हुतं. तिथं मामलेदार बसला हुता आन डॉक्टर. बाकी सगळा गाव मागं, जमिनीवर, निम्म्या तिकिटात. पडद्याच्या मागनं सगळं उलटं दिसतं. हात बी आन पट्टे बी.

आता नाथाजीचा टाय बघ. हिरोच्या गळ्यातनं काढलेला असता तर पट्टे फोटोसारखे असते. डाव्या खांद्यावरनं. पर ते हायत उजव्या खांद्यावरनं, आपण मागं बसून बघितले तसे. मंजी त्यो टाय हिरोचा न्हाई. कुणीतरी पडद्यामागं बसून बघितला आन तसा शिवून घेतला. नाथाजीनं टाय चोरला न्हाई. तेवढी बी त्याची लायकी न्हाई. त्यानं शिवून घेतला. गठुड्यात काय बी सापडलं नव्हतं. जे कोंडीबा मरेपर्यंत सांगत हुता ते खरं हुतं.

इथपर्यंत मी आले आन उठून दारातल्या चार मेंढरांना पाणी दाखवलं. परत येऊन बसले आन पुढचा विचार केला. एक्याऐंशी साली आटपाडीच्या बाजारात टाय शिवता येणारे किती हुते? विजारी शिवणारे चार हुते. चोळ्या शिवणारे बारा. टाय शिवणारा एकच. पाचगणीहून शिकून आलेला, एसटी स्टँडजवळ टपरी टाकून बसलेला.

शब्द टाकला तर ऐकेल म्हणाली हुतीस. आता कळलं का ऐकेल ते.

मला तुझ्याकडनं गोड पत्र नको. एका ओळीत लिही, जाफरनं शिवला का न्हाई.

भामा


सांगली
९ ऑगस्ट २०२४

भामाक्का,

शिवला.

एका ओळीत लिही म्हणालीस. पण पुढचं लिहिल्याशिवाय मला हे पाकीट बंद करता येत नाही. वाचायचं तर वाच, नाहीतर पातेलं उतरवायला घे.

जत्रा झाल्यावर आठ दिवसांनी नाथाजी टपरीवर आला. म्हणाला, त्या पिक्चरमधल्यासारखा टाय हवा, हौस आहे. टायचं कापड तिरकं कापावं लागतं, आणि एकदा कापलं की पट्टा परत दुसऱ्या बाजूला वळत नाही. म्हणून यांनी विचारलं, पट्टा कुठल्या खांद्यावरून उतरवू? तो म्हणाला, उजव्या. मी तीनदा बघितलाय. यांनी शिवून दिला. पुढं तो पारावर काय सांगणार आहे हे यांना माहीत नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगते.

माहीत झालं तेव्हा हे जेवणावरून उठले. मी म्हणाले, जाऊन सांगा. हे निघालेही. पण नाथाजी आधीच टपरीवर येऊन उभा होता. टपरीची जागा पंचायतीची होती आणि तो निवडणुकीला उभा होता. त्यानं धमकी दिली नाही. फक्त टपरीच्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, जागा मोक्याची आहे. थोरला नुकताच झाला होता. आम्ही गप्प बसलो. सहा वर्षांनी सांगलीला आलो तेव्हा तरी सांगायचं होतं. तोपर्यंत गप्प बसायची सवय झाली होती.

अजून एक आहे. हे मी शाझियालाही सांगितलेलं नाही. कोंडीबाभाऊ एकदा टपरीवर आले होते. खांड विकून आले होते त्या दिवशी. शर्टाचं बटण लावून घेतलं. मग म्हणाले, "जाफर, तू शिवलास का रं त्यो टाय?" यांनी मान खाली घालून नाही म्हटलं. भाऊंनी शर्ट अंगात घातला. मग म्हणाले, बटण चांगलं बसलं, आणि गेले. त्यांना कळलं होतं, अक्का. तुला त्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणजे आमची टपरी त्यांनी राखली.

कापड आलं आहे. यांची कात्री अजून आहे. टाय मी स्वतः शिवते, डाव्या खांद्यावरून. आणि एक तारखेला मी येते. जे यांनी सांगायला हवं होतं ते मी माईकवर सांगेन. त्यानंतर तू मला दारात उभी केली नाहीस तरी चालेल.

नूरजहां


माळेवस्ती
१४ ऑगस्ट २०२४

नूरजहां,

पातेलं उतरवायला घेतलं न्हाई. वाचलं.

माफ केलं असं लिहिणार न्हाई, कारण केलेलं न्हाई. तू आलीस तर जेवायला वाढीन. ते वेगळं आन हे वेगळं.

आन जाफरला एकट्याला मी शिव्या घालत बसणार न्हाई. कारण तुला वाटतंय मी कोंडीबाच्या बाजूनं हुते. मलकापूरच्या अलीकडं नऊ मेंढरं ट्रकखाली गेली त्या सकाळी मी त्याला म्हणाले हुते, घेतला असशील तर सांगून टाक एकदाचं, मोकळे होऊ. त्यानं मेलेली मेंढरं रस्त्यावरनं ओढून कडंला घेतली आन मला म्हणाला, तू बी का? पुढं दोन महिने माझ्या हातची भाकरी खाल्ली न्हाई. स्वतः थापायचा, जाड-जाड. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. तू तुझं सांगितलंस, म्हणून मी माझं. फिटंफाट झाली असं समजू नको.

आता कामाचं. बोकड रद्द. बोकडाची किंमत हाय.

असं करायचं. आपल्याकडं सत्काराला टॉवेल-टोपीचा आहेर करत्यात. आहेर घेताना मान वाकवावी लागते, आन म्हाताऱ्या बाईचा आहेर भर सभेत कुणाला नाकारता येत न्हाई. मी नाथाजीकडं निरोप धाडला, की झालं गेलं गंगेला मिळालं, मी सत्कार करणार. त्याचं उत्तर आलं, लय आनंद वाटला. आन म्हणलं, आमच्या मालकाची मेंढरं पिक्चरमदी हायत, ती एकदा मोठ्या पडद्यावर बघायचीत, माझं वय झालं. त्याला बी हो म्हणाला. म्हातारीचं मन राखतो. त्यानं स्वतः काय त्यो पिक्चर मोबाईलवर बघितलेला दिसत न्हाई. त्याला कशाला बघायचाय, त्याला तोंडपाठ हाय.

टाय टॉवेलाच्या घडीत बसंल असा इस्त्री करून आण. शाझियाला बी आण. मेंढरं दिसली की चित्र थांबवायचं तिनं.

भामा


श्री. नाथाजीराव
माजी सरपंच व अध्यक्ष, चित्रपट स्मृती दालन समिती
५ सप्टेंबर २०२४

श्रीमती भामाबाई कोंडीबा यांस, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी माझ्या अमृतमहोत्सवी सत्कारप्रसंगी जो प्रकार घडला त्याबद्दल अत्यंत खेदाने हे पत्र लिहीत आहे. समोरासमोर बोलण्यासाठी मी दोनदा आपल्या वस्तीवर आलो. दोन्ही वेळा आपण मेंढरांकडे गेल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी आपण मला कुडाच्या फटीतून दिसत होतात.

आपण वयस्कर म्हणून मी आपल्या शब्दाला मान दिला. आपल्या विनंतीवरून तो प्रसंग पडद्यावर लावण्याची परवानगी मीच दिली. आहेर घेण्यासाठी मी वाकलो. तेव्हा आपण टॉवेलाच्या घडीतून दुसरा टाय काढून माझ्या गळ्यातील टायच्या शेजारी घातलात. मी हसलो, कारण मला वाटले हा सन्मानच आहे. त्यानंतर त्या मुलीने चित्र थांबवले. मागे पडद्यावर हिरो, पुढे मी, माझ्या गळ्यात दोन टाय आणि दोन्हींचे पट्टे एकमेकांकडे तोंड करून. समोर सातशे लोक. कार्यक्रमाला आलेले आमदारसाहेबसुद्धा मान वाकडी करून एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होते.

अशा वेळी आपण माईक हातात घेऊन म्हणालात, "नाथाजी, तू पडद्याच्या मागं बसला हुतास. आमच्यातच, मुतारीच्या कडंला." हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे, कारण ते आता पंचक्रोशीत प्रत्येकाला पाठ आहे. त्यानंतर नूरजहांबाईंनी टपरीसंबंधी जे सांगितले त्याचा मी इन्कार करू शकलो असतो. परंतु त्यांनी पट्टा कुठल्या खांद्यावरून असे मला सर्वांसमक्ष विचारले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून उत्तर गेले. असो.

तेव्हापासून मला पारावर बसता आलेले नाही. काल एका बारशात बाळाच्या मामाने मला डाव्या हाताने पान दिले आणि सगळे घर हसले. माझ्या सुनेने तो टाय घरात ठेवू नये असे सांगितले आहे. समितीने पाटी उतरवली असून पेटी रिकामी आहे.

वहिनी, त्या काळी मी तरुण होतो. कंपनीची माणसे निघून गेली होती, मला कोणी ओळख दाखवत नव्हते. एक गोष्ट सांगितली आणि ती लोकांना आवडली. पुढे ती मागे घेता येईना. त्यात कोंडीबांचे एवढे नुकसान होईल असे वाटले नव्हते.

माझा प्रस्ताव असा की दालनास "मेंढपाळ कोंडीबा स्मृती दालन" हे नाव द्यावे. फलक संगमरवरी असेल. अनावरण आपल्या हस्ते. त्याबदल्यात आपण दोन ओळींचे पत्र द्यावे, की जे घडले ते जुन्या गैरसमजातून घडले आणि आता उभयपक्षी काही राहिलेले नाही. मसुदा सोबत जोडला आहे. आपण फक्त सही करावी.

आपला,
नाथाजी


माळेवस्ती
१२ सप्टेंबर २०२४

नाथाजीराव,

कुडाच्या फटीतनं मी बी तुमाला बघत हुते. तुमी उन्हात उभे हुता. मेंढरांना सावली हाय, पर ती मेंढरांसाठी हाय.

तुमचा मसुदा मिळाला. कागद जाड हाय. मागची बाजू कोरी हाय म्हणून हे त्याच्यावरच लिहिते.

वाटलं नव्हतं म्हणता. पहिल्या साली वाटलं नसंल. दुसऱ्या साली खांड निम्मी झाली तवा तुमच्या दारावरनंच गेली. तिसऱ्या साली कोंडीबा कुदळ घेऊन तुमच्याच विहिरीवर कामाला आला. तुमी वर उभे राहून बघत हुता, गळ्यात टाय घालून. तवा बी वाटलं न्हाई?

दालनाला कोंडीबाचं नाव देतो म्हणता. नको. कोंडीबानं जन्मात दुसऱ्याचं काय घेतलं न्हाई. तुमचं दालन बी घेणार न्हाई. संगमरवर तुमच्या न्हाणीघरात बसवा.

उभयपक्षी काही राहिलेलं न्हाई असं लिहून मागता. तुमच्या पक्षी काय राहिलं न्हाई हे खरं हाय. माझ्या पक्षी राहिलंय. ते सांगते, ते करा. न्हाई केलं तर पुढच्या लग्नसराईत पाच गावांतल्या प्रत्येक मांडवात मी आन नूरजहां जेवायच्या आधी गोष्ट सांगणार. तुमी दमला असाल सांगून, आमी आता सुरू करतो. नूरजहांचे गुडघे दुखतात, पर जीभ चांगली हाय.

पेटी रिकामी ठेवायची न्हाई. टाय परत त्याच पेटीत ठेवा, तुमचाच, उजव्या खांद्याचा. सुनेला घरात नको ना, मग बरंच झालं. पाटी बी पितळेचीच करा आन त्यावर हे घाला, एक अक्षर कमी-जास्त न करता:

"हा टाय हिरोचा न्हाई. हा नाथाजीनं पडद्याच्या मागं बसून बघितला आन शिवून घेतला. मेंढपाळ कोंडीबाच्या गठुड्यात भाकरी, तंबाखू आन बायकोचं लुगडं हुतं. दुसरं काय नव्हतं."

खाली तुमची सही कोरून घ्या. समितीचे अध्यक्ष तुमीच हाय, तवा ठराव करायला अडचण न्हाई. दसऱ्याच्या आत लावा.

लावली का न्हाई ते बघायला मी येणार. एकदा येऊन भागायचं न्हाई, दर बाजाराला येत जाईन. दुसरी नापास बाई मी. मनातल्या मनात मला वाचता येत न्हाई, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणावं लागतं, आन चुकलं की परत पहिल्यापासनं. पावणे असले तर त्यांनी जरा थांबावं.

दालनाचं दार बाजाराच्या दिवशी उघडं ठेवा.

भामाबाई
कोंडीबाची बायको